तेराव्या गड्याच्या मुलखात

"दाजी, ही माणसं भांडतायत का?" मी हळूच विचारलं.

"नाही रे. यंदा टीम कशी जाईल, ते चाललंय," असं म्हणत दाजींनी खुर्ची ओढली आणि ते सरळ त्याच टेबलाला जाऊन बसले. मीही मागोमाग.

मे २०२५ मधली शनिवारची सकाळ. कॅनडात रिजायनाहून सॅस्काटूनला जाताना साधारण निम्म्या वाटेवर डेव्हिडसन लागतं. रस्त्याकडेला कॉफीची भलीमोठी किटली आणि कप उभा केलाय, त्यामुळे गाव चुकायची सोय नाही. आम्ही फक्त पाय मोकळे करायला थांबलो होतो. आत आठदहा शेतकरी एका लांबड्या टेबलाभोवती बसलेले. याला तिथं कॉफी रो म्हणतात. आमच्याकडं पारावर बसणारी मंडळी असतात ना, तीच ही, फक्त डोक्यावर टोप्या बियाण्याच्या आणि ट्रॅक्टरच्या कंपन्यांच्या. ऐन पेरणीत ही माणसं रिकामी कशी? तर रात्री पाऊस झाला होता, रान ओलं होतं, पेरणीयंत्र आत घालता येत नव्हतं. मग करायचं काय? रायडर्स.

सॅस्कॅचेवन रफरायडर्स हा कॅनेडियन फुटबॉलचा संघ. हे फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचं नव्हे. लांबुडका चेंडू हातात घेऊन धावायचं, फेकायचं आणि एकमेकांना आडवं करायचं. अमेरिकेतल्यासारखंच, पण दहा यार्ड पुढं सरकायला चारऐवजी तीनच संधी, अकराऐवजी बारा गडी आणि मैदान ११० यार्ड लांब. (२०२७ पासून ते १०० यार्डांचं होणार असं त्याच सप्टेंबरात जाहीर झालं. त्या दिवशी दाजींचा फोन चाळीस मिनिटं चालला. मी फक्त हूं हूं करत होतो.) लीगमध्ये संघ नऊच. त्यातला हा एक जेमतेम बारा लाख वस्तीच्या प्रांताचा. इथं आइस हॉकीच्या किंवा बास्केटबॉलच्या सगळ्यांत मोठ्या लीगचा संघ नाही. मोठं म्हणावं असं हेच, हिरव्या जर्सीतलं.

ताईकडं मी तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. दाजी तिथं पोटॅशच्या खाणीत इलेक्ट्रिकलचं काम बघतात. आमच्या उसाच्या घरात पोटॅशची गोणी मी लहानपणापासून पाहिलेली, पण ते लाल मीठ जमिनीखालून निघतं तो मुलूख आपण कधी बघू असं काही वाटलं नव्हतं. रिजायनातल्या रायडर्सच्या स्टेडियमला नावसुद्धा पोटॅश काढणाऱ्या कंपनीचं आहे: मोझॅक. २०१७ ला उघडलं, तेहतीस हजार माणसं बसतात. शहराची वस्ती सव्वादोन लाखांच्या घरात. म्हणजे मॅचच्या दिवशी शहरातला दर सातवा माणूस आत बसेल एवढी जागा. ताईला यातलं काही आवडत नाही, पण हिवाळी कोटाच्या आत हिरवी जर्सी तिचीही असते. "नाहीतर दुकानात कुणी बोलत नाही रे माझ्याशी," म्हणाली.

तर कॉफी रो. टेबलाच्या टोकाला पांढऱ्या मिशांचे एक आजोबा होते. त्यांचं म्हणणं एकच: "क्वार्टरबॅक पुढच्या महिन्यात एकोणचाळीस पूर्ण करतोय. मी त्या वयात गुरं आवरायला पोरगा ठेवला होता."

ट्रेव्हर हॅरिस हा तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी. २०२३ च्या जुलैत त्याचा गुडघा मोडला आणि तो हंगामच गेला. २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षी संघानं सहा सामने जिंकले, बारा हरले, आणि दोन्ही वर्षी शेवटचे सातच्या सात हरले. एवढं ऐकून मला आमच्याकडचे सलग दोन दुष्काळ आठवले. मग कोरी मेस नावाचे नवे प्रशिक्षक आले. २०२४ ला नऊ विजय, आठ पराभव, एक बरोबरी. पश्चिम विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली आणि तिथं विनिपेगनं ३८-२२ असं झोडपलं.

विनिपेगचं नाव निघाल्यावर टेबलावर जे उच्चारलं गेलं ते इथं लिहीत नाही. शेजारच्या मॅनिटोबा प्रांताचा तो संघ, २०१९ पासून खेळला गेलेला प्रत्येक ग्रे कप, म्हणजे लीगचा अंतिम सामना, सलग पाच वेळा गाठलेला. ग्रे कप २०२५ ला भरणार होता तोही त्यांच्याच मैदानावर. पूर्वी त्यांच्या एका किकरनं सॅस्कॅचेवनच्या लोकांना बँजो वाजवणारे अडाणी या अर्थाचं काहीतरी म्हटलं. त्यावरून विनिपेगमधल्या सप्टेंबरच्या सामन्याला बँजो बोल हे नावच पडलं, २००४ पासून. शिवी पचवून तिचाच उत्सव करायचा, हे मला फार आवडलं.

मिशीवाल्यांच्या समोर बसलेल्या बाई मात्र ठाम होत्या. हॅरिसला वेळ मिळाला तर त्याच्यासारखा फेकणारा लीगमध्ये नाही. प्रश्न त्याच्या वयाचा नाही, त्याच्यापुढं उभ्या राहणाऱ्या पाच जणांचा, म्हणजे लाइनचा आहे. "बांध धरला तर पाणी राहतं," हे वाक्य माझं. दाजींनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा बाईंनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मग विचारलं, "तुम्ही कुठले?" भारत म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न: "यंदा मसूर घेणार ना तुम्ही आमची?"

टेबलावरच्या तिघांनी मसूर धरली होती. आपल्या डब्यात शिजते त्यातली बरीच याच मातीतून येते, आणि दिल्लीत आयातशुल्क वरखाली झालं की डेव्हिडसनच्या टेबलावर कॉफी कडू होते. मी सगळ्या भारताच्या वतीनं जरा ओशाळून हसलो. मिशीवाले म्हणाले, "तुमचं सरकार आणि आमची लाइन, दोघांचा भरवसा नाही."

मला खरं नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ही माणसं चाहत्यांसारखी बोलत नव्हती, सभासदांसारखी बोलत होती. व्यवस्थापकानं कुणाला किती पैसे देऊन घेतलं, बचावफळीवर खर्च जास्त झाला का, किमान इतके कॅनेडियन गडी मैदानात लागतात तर ते कुठं बसवायचे, असा सगळा हिशेब तोंडपाठ. गाडीत बसल्यावर दाजींनी उलगडा केला. क्लबला मालक नाही. तो लोकांचा आहे. भाग विकलेत, लाभांश शून्य, पण वार्षिक सभेला मत देता येतं. आमचे आप्पा सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. सभेच्या दिवशी धुतलेला पटका बांधून जायचे आणि चेअरमनला घसा बसेपर्यंत प्रश्न विचारायचे. डेव्हिडसनच्या टेबलावर आप्पांना कुणाच्या ओळखीची गरज पडली नसती. सगळा प्रांतच तसा: पेट्रोलपंपावर को-ऑपची पाटी, धान्याच्या खरेदीलाही एकेकाळी शेतकऱ्यांचाच संघ. १९८७ मध्ये क्लब बुडायला आला तेव्हा टीव्हीवर तासन्‌तास कार्यक्रम करून लोकांकडून पैसे गोळा केले. दोन वर्षांनी, १९८९ ला, हॅमिल्टनला ४३-४० हरवून ग्रे कप घरी. त्याआधीचा १९६६ चा, नंतर २००७ आणि २०१३. शंभराहून जास्त वर्षांत मे २०२५ पर्यंत चारच.

पुढचा रस्ता सरळ म्हणजे किती सरळ! लम्सडेनपाशी क्यूॲपेल नदीचं खोरं उतरून वर आलो होतो, ती शेवटची चढण. त्यानंतर फक्त काळं रान, आभाळ आणि लांबवर धान्याच्या कोठाराचा एखादा उभा ठिपका. त्या वाटेवर दाजींनी मला २००९ ची गोष्ट सांगितली. ते तेव्हा या देशात आलेही नव्हते, पण कालच पाहिल्यासारखी सांगतात.

कॅलगरीत ग्रे कप, समोर माँट्रियल. शेवटच्या सत्रात रायडर्स २७-११ पुढं. आघाडी घटत घटत २७-२५ वर आली. माँट्रियलची शेवटची किक, ४३ यार्डांवरून. हुकली! रायडर्स जिंकल्याच्या आनंदात मैदानात धावले. आणि गवतावर पंचांचा पिवळा रुमाल पडलेला, म्हणजे नियम मोडल्याची खूण. रायडर्सचे मैदानात तेरा गडी होते. दहा यार्डांचा दंड, किक पुन्हा, या वेळी ३३ वरून. गेली. २८-२७. गंमत अशी की रायडर्सचे चाहते स्वतःला कौतुकानं तेरावा गडी म्हणवतात. "पुढच्या वर्षी पुन्हा माँट्रियल, पुन्हा हरले," दाजींनी जोडलं आणि बराच वेळ गप्प बसले.

सॅस्काटूनला विद्यापीठाच्या ग्रिफिथ्स स्टेडियममध्ये सराव होता, बघायला कुणीही यावं. ऊन होतं पण वारा कानात शिरत होता. माझ्या शेजारी एक आजी घोंगडी पांघरून बसल्या होत्या. त्यांनी मला कलिंगडाचं शिरस्त्राण कसं करतात ते समजावलं, कारण इथले लोक सामन्याला कलिंगड डोक्यात घालून जातात. फळ टिचकी मारून निवडायचं, जाड सालीचं. लांबीत कापून गर चमच्यानं कोरायचा, पांढरा भाग बोटभर ठेवायचा नाहीतर फुटतं. आत जुना टॉवेल. "तरी रस मानेवरून उतरतोच," आजी म्हणाल्या, "आणि मग माश्या."

बोलताना त्यांची नजर मात्र एका जागेवरून हलत नव्हती. मी विचारलं, काय बघताय? "पाय," त्या म्हणाल्या. हॅरिस फेकत होता. चेंडू हातातून सुटताना आवाज येत नाही. तीस यार्डांवर पकडणाऱ्याच्या पंजात येतो तेव्हा थप्प असा येतो. आजी चेंडूकडं बघतच नव्हत्या. फेकताना डावा पाय कसा टेकतो, मागं सरकताना गुडघा वाकतो का, एवढंच. बैलबाजारात आप्पा असेच उभे राहायचे. सातआठ फेकी झाल्यावर त्यांनी थर्मास उघडला. "चालेल," म्हणाल्या. मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "ऑक्टोबरपर्यंत?" आजींनी त्याला चहा दिला नाही.

परतताना रात्रीचे पावणेनऊ झाले तरी उजेड होता. या प्रांताला नेक्स्ट इयर कंट्री असं टोपणनाव आहे, दाजी म्हणाले. यंदा गारपीट झाली, पुढच्या साली बघू. यंदा हरलो, पुढच्या साली बघू. मला वाटलं, ही ओळ थेट आमच्या शिवारातली.

१७ नोव्हेंबरला कोल्हापुरात पहाटे साडेचारला उठून मी फोनवर सामना लावला. ग्रे कप, विनिपेगच्या मैदानावर, समोर माँट्रियलच. तिथं रविवारची संध्याकाळ होती. शेवटच्या मिनिटापर्यंत मी स्क्रीनवर रायडर्सचे गडी मोजत होतो, खोटं कशाला सांगू. २५-१७. सामनावीर हॅरिस. ताईनं व्हिडिओ कॉल लावला तर पडद्यावर नुसता हिरवा रंग आणि दाजींचं रडणं.

त्या आठवड्यात दाजी कामासाठी सॅस्काटूनला निघाले तेव्हा डेव्हिडसनला मुद्दाम थांबले. टेबल भरलेलं. बाईंनी मिशीवाल्यांना सगळ्यांची कॉफी पाजायला लावली होती. त्यांनी पैसे दिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "जूनमध्ये चाळीस पूर्ण होतील त्याला."