घोटभर पाणी

वारीच्या वाटेवर, रायमोह्याच्या अलीकडे बांधावर एक म्हातारी कळशी घेऊन बसली होती. ‘घ्या माउली, थंडगार हाय,’ म्हणत तिनं तांब्या पुढं केला. आभाळ नुसतंच भरून येत होतं, अंगाची काहिली होत होती. मी ओंजळ धरली, पण पाणी काही घशाखाली उतरेना. दम लागला असेल म्हणून तिनं पाठीवरून हात फिरवला आणि मी तिथंच बसून रडलो.

आमच्या अण्णांनी शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर काढली. आठवड्यातून तीन खेपा बीडला, दर खेपेला चार तास मशीनवर. किडन्या निकामी झाल्या की बहुतेकांची लघवी कमी होत होत जवळजवळ बंद होते. प्यालेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, छातीत उतरलं की दम लागतो. म्हणून दिवसाला लिटरभराच्या आत, तेही चहा, ताक, वरण सगळं धरून. मायनं एका बाटलीवर नेलपॉलिशनं चार खुणा केल्या होत्या: सकाळ, दुपार, सांज, रात्र. त्यांच्या चहाचं पाणीसुद्धा ती त्यातूनच घ्यायची. स्वतःच्या हातानं विहीर फोडलेला माणूस वैशाखात बर्फाचा खडा गालात धरून दुपार काढायचा. ‘बाबू, घोटभर दे की रे.’ मी नाही म्हणायचो, लेकराला दटावावं तसं.

ते बंधन बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. सलते ती पुढची गोष्ट. माघात हृदय फार थकलं, मशीनवर घेतलं की बीपी पडायचा. सगळ्यांनी मिळून डायलिसिस थांबवायचं ठरवलं आणि अण्णांना घरी आणलं. ते सहा दिवस राहिले. त्या सहा दिवसांतही मी बाटलीच्या खुणा बघूनच पाणी देत होतो. उपचार थांबल्यावर बंधन सैल करता येतं, ओठ ओले ठेवावेत, मागितलं तर घोट-घोट द्यावं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर एवढं नक्की विचारा.

अस्थी पैठणला गोदावरीत सोडल्या. तिथूनच नाथांच्या पालखीसोबत मी यंदा निघालो, अण्णांची पताका आणि ती बाटली घेऊन. अण्णा 22 वर्षं ह्याच पालखीत चालले होते. गेल्या वारीच्या वेळी म्हणाले होते, ‘पाटोद्यापर्यंत तरी ने. नाथांच्या पादुकांवर डोकं टेकवतो.’ नेमका तो डायलिसिसचा दिवस आणि माझी पुण्यातली रजा संपलेली. ‘थांबा अण्णा, पुढच्या वर्षी नेतो,’ असं बोलून गेलो.

पाटोद्याच्या मुक्कामी कीर्तनात पुंडलिक आला. देव दारात, हा आईबापाचे पाय चेपतोय, वीट फेकतो आणि म्हणतो, थांब. लहानपणापासून ऐकलेलं. त्या रात्री मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. त्यानं आईबापासाठी देवाला थांबवलं. मी बापाला थांबवलं, रजेसाठी. नाथांना तर ही सेवाच मिळाली नाही. ते तान्हे असतानाच आईबाप गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. मला मिळाली होती.

आमच्या दिंडीतल्या विणेकऱ्यांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तुझा बाप चालताना दोन घोटांवर कव्हा पाणी पेलाच न्हाई. पोटात डुचमळतंय म्हणायचा.’ एवढंच. वीणा गळ्यात घालून ते पुढं निघाले. मला त्यानं किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

परंड्यानंतर पाऊस लागला आणि पायाचे फोड चिघळले. करकंबवरून मायला फोन केला. ‘येताना चंद्रभागेचं तीर्थ त्याच बाटलीत आण,’ ती म्हणाली. ‘आणि खुणा खरवडू नको.’

दशमीला पुंडलिकाच्या देवळासमोर गुडघाभर पाण्यात उभा राहून बाटली विसळली. सकाळची खूण जरा उडाली होती, बाकीच्या तशाच लाल. मग पाण्यात आडवी धरली. बुडबुड वाजत ती गळ्यापर्यंत भरली.