पाचूची अंडी आणि रेबीजच्या लसीची तारीख

पाचू ही आमची व्हेल्ड शॅमेलिऑनची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या एका जातीची मादी. आम्ही अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. फोटो पाहून पुण्याहून दोघांनी ‘आम्हीही पाळू का’ म्हणून विचारलं, म्हणून आधीच सांगते: आपल्याकडचा सरडगुहिरा भारतात वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरी आणायचं नाही. पाचूची जात येमेन-सौदीकडची, आणि इथे ती पिंजऱ्यातच जन्मलेली मिळते.

या जातीच्या मादीला अंडी घालायला नर लागत नाही. कोंबडी घालते तशीच तीही घालते. विकत घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आठव्या महिन्यात तिच्या हिरव्या अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटले, खाणं सुटलं आणि फांदी सोडून ती पिंजऱ्याच्या तळाशी फेऱ्या मारायला लागली. अंडी पुरायला तिला वाळू लागते, म्हणून मी घाईघाईने टब आणून त्यात वाळू भरली. तिने खणलं, सोडलं, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात खणलं. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते तर ती तळाशी डोळे मिटून बसलेली. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. मिटले तर काहीतरी बिघडलंय. अंडी पोटातच अडली तर मादी दगावते, एवढं मी तोवर वाचलं होतं.

आमच्या कुत्र्याच्या डॉक्टरांकडे फोन केला. ते सरपटणारे प्राणी बघत नाहीत. चोवीस तास चालणाऱ्या इमर्जन्सीत विचारलं, तर त्या पाळीला फक्त कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर होते. तिसऱ्या ठिकाणी एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडच्या प्राण्यांच्या डॉक्टर होत्या, पण रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितलं, “नवीन पेशंट असेल तर आधी ऑनलाइन फॉर्म भरा, मग नऊ दिवसांनंतरची वेळ मिळेल.” नऊ दिवस! मी म्हटलं, तिच्याकडे नऊ तास आहेत की नाही तेही मला माहीत नाही. “फॉर्मशिवाय सिस्टीममध्ये नाव येत नाही,” एवढंच उत्तर. बरं, फॉर्म उघडला. प्राण्याच्या यादीत कुत्रा, मांजर, पक्षी, इतर. ‘इतर’ निवडलं. पुढे रेबीजच्या लसीची तारीख, आणि ती भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. सरड्याला कुणी रेबीजची लस देतं का? पुन्हा फोन, पुन्हा तेच संगीत, पुन्हा तेच उत्तर. मांडीवर पाचूचा डबा आणि कानाला फोन, असे पावणेतीन तास गेले. आजही तो नंबर स्क्रीनवर दिसला की माझं डोकं तापतं.

शेवटी मी वेळ मागणं सोडलं आणि म्हटलं, “मला डॉक्टरांच्या टेक्निशियनशी, म्हणजे मदतनिसाशी, दोन मिनिटं बोलू द्या.” त्या मुलीने एकच विचारलं, “डोळे मिटलेत?” हो म्हटल्यावर म्हणाली, “लगेच निघा.” तुमच्यावर अशी वेळ आली तर रिसेप्शनशी वाद घालू नका, सरळ टेक्निशियन मागा. त्याहून बरं म्हणजे मादी सहा महिन्यांची व्हायच्या आत एकदा साधी तपासणी करून नाव नोंदवून ठेवा.

एक्स-रेत पोटभर गोल सावल्या होत्या, द्राक्षांच्या घडासारख्या. अडकलेलं एकही अंडं नव्हतं. डॉक्टरांनी सलाईन आणि कॅल्शियम दिलं आणि मला विचारलं, “वाळू किती खोल आहे? खणताना तिला कोणी दिसतं का?” वाळू जेमतेम पाच इंच होती, आणि मी समोर खुर्ची टाकून बसले होते. माझ्या काळजीनेच तिला अडवलं होतं. एक दिवस वाट बघायची, नाहीतर इंजेक्शन, आणि तेही लागू पडलं नाही तर ऑपरेशन, असं ठरलं.

घरी येऊन बारा इंच वाळू भरली. धुतलेली, ओलसर. मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. कोरडी असली तर बोगदा तिच्या अंगावर कोसळतो. पिंजऱ्याला चारी बाजूंनी जुनी चादर लावली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. मुलालाही आत जाऊ दिलं नाही.

सकाळी चादरीच्या फटीतून पाहिलं. ती मागच्या पायांनी वाळू ढकलून भोक बुजवत होती, हळूहळू, तळपायाने थोपटत. नंतर वर येऊन पानांवरचे थेंब कितीतरी वेळ पीत राहिली. पोट खपाटीला गेलं होतं. वाळूत एकेचाळीस अंडी निघाली. मला रडूच आलं.

सांगायचं राहिलं: खाद्याच्या किड्यांवर कॅल्शियमची पूड रोज भुरभुरायची, आणि यूव्हीबीची (अतिनील किरणांची) ट्यूब उजेड देत असली तरी वेळेवर बदलायची. मोठी झाल्यावर मादीला भरपूर खाऊ घालू नका, दिव्याखालची जागाही फार तापू देऊ नका. जास्त खाणं आणि जास्त ऊब म्हणजे जास्त अंडी. नर कधीच जवळ नव्हता तर ती अंडी उबवायला ठेवण्यात अर्थ नाही.

काही महिन्यांनी हे सगळं पुन्हा येणार आहे. वाळूचा टब आता पिंजऱ्यातच असतो, आणि दर रविवारी मी लाडू वळून बघते.