देज घेणारं घर

दुपारभर लाइट नव्हते, मोबाइल मेलेला. कपाटातून ‘देवदास’ काढला. बंगाली लेखक शरदबाबूंची १९१७ सालची कादंबरी. सिनेमे पाहून मी समजत होते, जमीनदाराचा पोरगा न्‌ गरिबाची पोरगी, एवढीच भानगड. तर नाही! दोन्ही घरं ब्राह्मणांचीच. देवदासच्या घरच्यांनी, मुखर्जींनी नाक मुरडलं, कारण पारोच्या घरी, चक्रवर्तींकडे मुलीचं देज घेतात, म्हणजे मुलगी देताना नवऱ्याकडून पैसे. आपल्याकडे हुंडा घेणारे ताठ मानेनं फिरतात, आणि तिथे देज घेणारे हलके! वर शेजारघरचीच सोयरीक, तीही नको.

पारोच्या बापाला हे झोंबलं. त्यानं थेट हातीपोत्याचे जमीनदार गाठले. घर मोठं, पण नवरा बिजवर, मोठाल्या मुलांचा बाप. पोरीचं काय, ते कुणी विचारलंच नाही.

घाटावरचा प्रसंग मात्र दोनदा वाचला. पारो मान ताठ ठेवून बोलते आणि देवदास हातातली गळाची काठी तिच्या कपाळावर हाणतो. रक्त येतं. ह्याला आपण ‘अमर प्रेम’ म्हणतो होय?

सहाला लाइट आले. पाठोपाठ मावशीचा फोन, ताईच्या स्थळाबद्दल. “मुलगा चांगलाय गं, पण घराणं आपल्या तोडीचं नाही.”

मी म्हटलं, मावशी, चहा उतू जातोय, ठेवते.