४२ बटणांत इनस्क्रिप्ट: कॉर्न कीबोर्ड, नोंद ३

आजची स्थिती: घरी जोडायला घेतलेल्या या कीबोर्डसाठी परदेशातून मागवलेलं सगळं पोचलं. डावा तुकडा चालू आहे, उजव्याचे डायोड बसले, सॉकेट बाकी. मराठीची मांडणी (भारतीय भाषांच्या प्रमाण इनस्क्रिप्टवर बेतलेली) ठरली.

दोन तुकड्यांचा हा कीबोर्ड ठाण्याच्या गोखले रोडवर विचारून मिळायचा नाही. पण त्याची रचना खुली आहे, त्यामुळे फाइल देऊन चीनमधून पीसीबी (सगळे भाग जिच्यावर बसतात ती छापील सर्किटची पट्टी) करून घेता येते. कारखाने कमीत कमी ५ नग करतात. डाव्या-उजव्याला तीच पीसीबी उलटी करून चालते, म्हणजे ५ नगांत दोन कीबोर्ड होतात आणि एक पीसीबी उरते. जोडीदार शोधून खर्च वाटून घ्या.

बाहेरून मागवायचं ते एवढंच: पीसीबी, ४२ हॉटस्वॅप सॉकेट (यांत स्विच नुसता खोचता-काढता येतो), ४२ स्विच, ‘प्रो मायक्रो’ या छोट्या बोर्डाच्या आकाराचे, आरपी२०४० चिपचे २ कंट्रोलर, आणि ४० एक-मापी व २ दीड-मापी कीकॅप. १एन४१४८ डायोड (४२, एसओडी-१२३ आकार), ३.५ मिमीचे चार-संपर्की २ जॅक, तशीच केबल आणि एम२ स्पेसर यांसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची एक फेरी पुरते.

ब्लूटूथचा कंट्रोलर मुद्दाम टाळला. तो रेडिओ प्रसारक ठरतो आणि त्याच्या आयातीला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता लागते. शिवाय लिथियम बॅटरी विमानाने पाठवायची म्हणजे वेगळे नियम. वायरवाल्याला यातलं काहीच नाही.

विक्रेत्याला पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायला सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून टपाल-कुरिअरने माल शुल्क न भरता सोडवता येत नाही. सवलत फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. खरी किंमत आणि ‘कीबोर्डची कोरी पीसीबी, ५ नग’ असं नेमकं वर्णन असलेलं बिल लावा. शुल्क नुसत्या वस्तूवर लागत नाही, त्यात भाडं आणि विमाही धरतात. विमानाने आलेल्या मालाचं भाडं नियमाप्रमाणे किंमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरायचं असतं, आणि विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के. ३,००० रुपयांच्या मालाला १,५०० भाडं दिलं तरी मूल्य होतं ३,०००+६००+३३.७५, म्हणजे ३,६३३.७५. त्यावर मूळ सीमाशुल्क आणि अधिभार, मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी. दर बजेटगणिक बदलतात, म्हणून चालू दर बघूनच हिशोब मांडा. कुरिअरची हाताळणी फी वेगळी.

केवायसीसाठी पार्सलवरचं नाव आधारप्रमाणे हवं. नवी मुंबईकरांनी पत्त्याच्या पहिल्याच ओळीत प्लॉट आणि सेक्टर लिहावा. परदेशी साइटवर लांब ओळ कापली जाते, आणि सेक्टर गेला तर नुसत्या ‘नेरूळ’वर कुरिअरवाला घर कसं शोधणार?

जोडणीत सगळ्यात जास्त घात डायोडचा होतो. अंगावरची बारीक पांढरी रेघ पीसीबीवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. एक उलटा बसला की तेवढंच बटण मुकं. सॉकेटच्या एका पॅडवर आधी शिसं घ्या, सॉकेट बोटाने घट्ट दाबा, पॅड पुन्हा तापवा, तो सपाट बसला की मग दुसरी बाजू. सोल्डरिंगची इस्त्री ३२० अंशांवर ठेवा. तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली की प्लास्टिक वितळतं. स्विच घालण्याआधी चिमट्याने सॉकेटचे दोन्ही पॅड जोडून बघा, स्क्रीनवर अक्षर उमटलं पाहिजे. आणि यूएसबी लावलेली असताना दोन तुकड्यांमधली केबल कधीही काढू-घालू नका. पिन सरकताना एकेका संपर्काला घासत जाते, वीज डेटाच्या पायावर येते आणि कंट्रोलर जळतो.

आता मांडणी. नेहमीच्या कीबोर्डवर ड असतो ज च्या उजवीकडे, चौकटी कंसाच्या बटणावर. कॉर्नवर हे बटणच नाही. ॉ आणि ृ यांचीही तीच गत, त्यामुळे ‘डॉक्टर’ लिहिणंच अडतं. ज च्या शेजारी बॅकस्पेस असते. ती अंगठ्याखाली नेली आणि तिथे कंसाचं बटण ठेवलं. ड-ढ जुन्याच जागी आले, बोटांना नवं शिकायला नको. ट मुळातच च च्या शेजारी आहे. य च्या उजवीकडच्या बटणावर ृ ठेवला: टॅप केलं तर ृ, दाबून धरलं तर शिफ्ट. उजवं शिफ्ट हवंच, नाहीतर आ, ई, ओ यांसाठी डावी करंगळी आणि अक्षर एकाच हातात येतात. ॉ साठी डावा अंगठा दाबून ा. कान्याशी त्याचं नातं असल्यामुळे ही जागा लक्षात राहते.

भराभर टंकताना ‘कृती’ऐवजी ‘कथी’ उमटतं. ृ चं बटण सुटायच्या आत पुढचं दाबलं जातं आणि २०० मिलिसेकंद उलटले की फर्मवेअर (कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) ते शिफ्ट धरतं. मर्यादा २४० वर नेऊन बघायची आहे. उजवा तुकडा पूर्ण झाला की चाचणीचे शब्द: कृपया, वृत्तपत्र, ऋतू, डॉक्टर, ढगाळ.