तिसऱ्या स्कीपटूचे गुण

फेब्रुवारी सुरू झाला की डार्टमथ कॉलेजच्या स्की संघाचा हंगाम वेगळ्या वळणावर येतो. जानेवारीत शर्यती सुरू होतात तेव्हा एखादा वाईट दिवस खपून जातो, कारण पुढच्या आठवड्यात तो भरून काढता येईल असा विश्वास असतो. आता मात्र थोडेच कार्निव्हल, म्हणजे कॉलेजांनी आळीपाळीने भरवलेल्या साप्ताहिक स्पर्धा, उरलेले असतात आणि एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी कोण पात्र ठरणार, याचा हिशेब प्रत्येक शनिवारी संध्याकाळी नव्याने मांडला जातो. न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर या गावी नोकरीनिमित्त स्थायिक झाल्यापासून मी हा संघ जवळून पाहत आले आहे आणि शर्यतींच्या वेळी गेट-निरीक्षक म्हणून उतारावर उभी राहत आले आहे. महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांनी हा खेळ ऑलिंपिकच्या निमित्ताने दूरचित्रवाणीवर पाहिला असेल आणि तो एकेकट्या खेळाडूचा खेळ आहे असाच त्यांचा समज झाला असेल. महाविद्यालयीन स्कीइंगमध्ये एकट्याने केलेल्या शर्यतीचे गुण संघाच्या खात्यात जमा होतात, आणि माझ्या मते अजिंक्यपद मिळते किंवा हुकते ते बहुधा संघातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्कीपटूमुळे.

हे समजण्यासाठी स्पर्धेची रचना पाहावी लागेल. संघाचे दोन विभाग असतात. अल्पाइन विभागातील स्कीपटू डोंगरउतारावर खांब रोवून आखलेल्या दारांमधून, म्हणजे गेटमधून, वळणे घेत खाली येतात. त्यात स्लॅलम आणि जायंट स्लॅलम असे दोन प्रकार असतात. (२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला काश्मीरचा आरिफ खान ज्या शर्यतीत ४५ वा आला, ती जायंट स्लॅलमची होती.) नॉर्डिक विभागातील स्कीपटू चढउतारांच्या वाटेवर स्वतःच्या ताकदीने अंतर कापतात. त्यांची एक शर्यत क्लासिक शैलीची असते, जिच्यात बर्फात कोरलेल्या समांतर खाचांमधून पुढे जायचे असते, आणि दुसरी फ्रीस्टाइल, जिच्यात स्केटिंग करताना ढकलतात तसे पाय बाहेरच्या बाजूला ढकलायचे असतात. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक कॉलेजला जास्तीत जास्त १२ स्कीपटू उतरवता येतात: दोन्ही विभागांत ३ पुरुष आणि ३ महिला. प्रत्येकाच्या दोन शर्यती धरल्या, तर चार दिवसांच्या स्पर्धेत संघाचे २४ निकाल लागतात आणि त्या सर्वांची मिळून एकच बेरीज होते.

महिला आणि पुरुष यांचे गुण एकत्र मोजण्याची पद्धत १९८३ पासून आहे. एनसीएएच्या खेळांत तलवारबाजी आणि रायफल नेमबाजी सोडल्यास असे फारसे कुठे होत नाही. त्यातच या स्पर्धेत मोठी आणि लहान महाविद्यालये असा भेदही नाही. युटा किंवा कोलोरॅडो यांसारखी प्रचंड विद्यापीठे आणि मिडलबरी, विल्यम्स, बेट्स यांसारखी छोटी कॉलेजे एकाच उतारावर आणि एकाच गुणतक्त्यात असतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा एकूण पसारा पाहता मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

कार्निव्हल आणि राष्ट्रीय स्पर्धा यांच्यातला खरा फरक मात्र एका नियमात आहे आणि तो नियम बाहेरच्या प्रेक्षकाच्या सहसा लक्षात येत नाही. पूर्वेकडील कॉलेजे ईस्टर्न इंटरकॉलेजिएट स्की असोसिएशनच्या छत्राखाली जानेवारी आणि फेब्रुवारीत दर आठवड्याच्या शेवटी एकेका कॉलेजच्या यजमानपदाखाली जमतात. व्हरमाँट विद्यापीठाचा कार्निव्हल स्टोच्या डोंगरावर होतो, डार्टमथचा लाइम गावाजवळच्या स्वतःच्या स्कीवेवर, मिडलबरीचा स्नो बोलवर. या कार्निव्हलमध्ये प्रत्येक शर्यतीत कॉलेजचे सहा जण धावतात आणि त्यांतल्या सर्वोत्तम तिघांचे गुण धरले जातात. एखादी पडली, एखाद्याचा स्की सुटला, तरी मागचा स्कीपटू ती जागा भरून काढतो. राष्ट्रीय स्पर्धेत धावणारे तीनच आणि मोजले जाणारेही तिघेच. तिथे झाकून घेणारा कोणी नसतो. एकाने शर्यत अर्धवट सोडली, तर त्या रकान्यात शून्य पडते आणि ते शून्य स्पर्धा संपेपर्यंत संघाबरोबर राहते.

सर्वांत जास्त शून्ये पडतात ती स्लॅलममध्ये. निरीक्षक म्हणून माझ्या वाट्याला उतारावरची काही गेट येतात आणि प्रत्येक स्कीपटूचे दोन्ही पाय गेटच्या योग्य बाजूने गेले की नाही, एवढेच मला पाहायचे असते. स्लॅलमची गेट इतकी जवळजवळ असतात आणि स्कीपटू खांबाला इतके चिकटून जातात, की स्कीचे टोक खांबाच्या चुकीच्या बाजूला गेल्याचे कधीकधी त्यांनाही उशिरा कळते. तेवढ्याने शर्यत संपते. त्यात पूर्वेकडचा बर्फ कठीण. दिवसा वितळून रात्री गोठलेला आणि शर्यतीसाठी मुद्दाम पाणी मुरवून आणखी घट्ट केलेला पृष्ठभाग जवळजवळ काचेसारखा असतो, आणि रोज घासून धार लावलेल्या कडांशिवाय त्यावर स्की टिकत नाही.

अशा वेळी तिसऱ्या स्कीपटूने जपून खेळावे, वेग थोडा कमी ठेवून फक्त खाली पोचावे, असा सल्ला अनेक प्रेक्षक देतात. मला तो पटत नाही. कठीण बर्फावर स्कीची कड रुततेच मुळी दाबामुळे, आणि हा दाब वेगातून व शरीर पुढे झोकण्यातून येतो. जपून जायचे ठरवलेला स्कीपटू नकळत मागे झुकतो, कडेवरचा दाब सुटतो आणि ज्या पडण्याला तो भीत होता तेच पडणे ओढवते. म्हणून चांगले प्रशिक्षक मार्चच्या तोंडावर विद्यार्थ्यांना आवरते घ्यायला शिकवत नाहीत. ते सरावातला वेग तसाच ठेवायला लावतात आणि शर्यतीपूर्वीच्या पाहणीत कुठल्या दोन-तीन गेटवर रेषा थोडी रुंद घ्यायची, तेवढेच ठरवून घेतात. पहिल्या फेरीत दोघे सहकारी बाहेर गेलेले असताना तिसऱ्याने दुसऱ्या फेरीसाठी वर उभे राहणे आणि तरीही नेहमीसारखे सुटणे, याला जे धैर्य लागते ते मी अनेकदा जवळून पाहिले आहे. त्या धैर्याची दखल निकालपत्रकात विसाव्या-बाविसाव्या ओळीवर होते आणि कोणी तिथपर्यंत वाचत नाही.

नॉर्डिक शर्यतीत पडून बाहेर जाण्याचे प्रकार कमी, पण तिथे मेणाचा प्रश्न असतो. क्लासिक स्कीच्या दोन्ही टोकांना घसरण्यासाठी एक मेण आणि पायाखालच्या भागाला बर्फ पकडण्यासाठी दुसरे मेण लावावे लागते. चढावर रेटा देताना तो मधला भाग बर्फाला चिकटला पाहिजे आणि उतारावर सुटला पाहिजे. तापमान शून्याच्या आसपास असेल, ताजा बर्फ जुन्या गोठलेल्या थरावर पडत असेल, तर सकाळी आठला अचूक ठरलेले मेण दहा वाजता निरुपयोगी होते. त्यामुळे प्रशिक्षक उजाडण्यापूर्वीच वाटेवर जोड्यांमागून जोड्या तपासत असतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून फ्लोरीनयुक्त मेणांवर पूर्ण बंदी आणली आणि महाविद्यालयीन स्पर्धांनीही तीच दिशा धरली. ही रसायने शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात, त्यामुळे बंद खोलीत त्यांची वाफ श्वासात घेणाऱ्या प्रशिक्षकांच्या दृष्टीनेही हा निर्णय फार पूर्वीच व्हायला हवा होता. मेण चुकले, तर त्याचा फटका संघाच्या तिन्ही स्कीपटूंना एकाच वेळी बसतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत सगळे एकदम सुटतात. तिथे दुसऱ्या संघाच्या तिघी एका गटात पुढे सरकताना दिसू लागल्या की, मेण बसलेले असो वा नसो, आपल्या तिसरीने त्या गटाचे शेपूट सोडता कामा नये, एवढाच विचार वाटेच्या कडेला उभ्या असलेल्या आम्हा सर्वांच्या मनात असतो.

डार्टमथचे या खेळाशी असलेले नाते या स्पर्धेपेक्षा जुने आहे. फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने १९०९ साली तेथे आउटिंग क्लब निघाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच हिवाळी कार्निव्हल सुरू झाला. १९२४ साली शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले, त्यात डार्टमथचा जॉन कार्लटन होता. राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी डेन्व्हर विद्यापीठाने ती जिंकली. आजवर २४ अजिंक्यपदे मिळवून डेन्व्हर सर्वांच्या पुढे आहे. डार्टमथच्या नावावर मात्र तीनच आहेत: १९५८, कोलोरॅडोबरोबर विभागून मिळालेले १९७६ आणि २००७. दोन अजिंक्यपदांमध्ये ३१ वर्षांचे अंतर असणाऱ्या संघाकडे पाहताना यश मोजण्याची पट्टी वेगळी ठेवावी लागते. आयव्ही लीग या आठ जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटातील कॉलेज असल्यामुळे येथे खेळाची शिष्यवृत्ती देता येत नाही. शिवाय हिवाळी सत्राच्या परीक्षा साधारण मार्चच्या मध्यास, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या आगेमागेच येतात. वर्षाची चार सत्रे असल्याने काही विद्यार्थी हिवाळ्याचे सत्र मोकळे ठेवून उन्हाळ्यात अभ्यास करतात, पण सर्वांना ते साधत नाही आणि बसमध्ये मांडीवर सेंद्रिय रसायनशास्त्राचे पुस्तक घेऊन शर्यतीला जाणारे स्कीपटू येथे नेहमीचेच आहेत.

निवडीबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण या आठवड्यांतले सर्वांत कठीण दुःख त्यातच आहे. राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता प्रत्येक स्कीपटू कार्निव्हलमधील आपल्या निकालांवर स्वतंत्रपणे मिळवतो, पण एका गटात एका कॉलेजचे तिघांपेक्षा अधिक जाऊ शकत नाहीत. त्यामुळे बळकट संघातला चौथा विद्यार्थी गुणानुक्रमे पात्र असूनही घरी राहतो, आणि त्याच्यापेक्षा मागे असलेला दुसऱ्या कॉलेजचा विद्यार्थी जातो. नियम म्हणून मला हा योग्य वाटतो, नाहीतर दोन-तीन श्रीमंत विद्यापीठांचीच स्पर्धा उरेल. पण ज्याच्यामुळे सरावात पहिल्या तिघांना रोज झगडावे लागले, तो चौथा विद्यार्थी मार्चमध्ये संगणकावर निकाल पाहत बसतो, हेही खरे आहे. त्याच्याविषयी लिहिणारे मला फारसे कोणी आढळलेले नाही.

महाविद्यालयीन स्कीइंग म्हणजे राष्ट्रीय संघात जागा न मिळालेल्यांची सोय, असे म्हणणारे अजून भेटतात. त्यांना मी शेजारच्या व्हरमाँट विद्यापीठाची दोन उदाहरणे देते. पॉला मोल्टझानला अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून वगळण्यात आले, तेव्हा ती तेथे शिकायला आली, २०१७ मध्ये महाविद्यालयीन स्लॅलमची विजेती झाली आणि पुढे राष्ट्रीय संघात परतली. त्याच विद्यापीठात शिकलेली कॅनडाची लॉरेन्स सेंट-जर्मेन हिने २०२३ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची विख्यात स्कीपटू मिकाएला शिफ्रिन हिला मागे टाकून स्लॅलमचे सुवर्णपदक मिळवले. अनेक युरोपीय देशांत अठराव्या वर्षी खेळ किंवा शिक्षण यांतून एकच निवडायची वेळ येते. येथे दोन्ही चालू ठेवता येतात आणि खेळाडूला पिकायला चार वर्षे अधिक मिळतात. नॉर्वे, ऑस्ट्रिया, स्वीडन येथील इतके विद्यार्थी पश्चिमेकडील विद्यापीठांत दिसतात, ते याच कारणाने.

ही व्यवस्था मात्र भक्कम नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या स्की संघाने २००४ साली राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले होते आणि त्या विद्यापीठाचे ते कुठल्याही खेळातले पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद होते. २०१८ मध्ये तोच संघ खर्चाच्या कारणाने बंद करण्याचा निर्णय झाला. विजेतेपदही संघाला वाचवू शकले नाही, हे लक्षात घेतले की लहान कॉलेजांच्या प्रशिक्षकांची काळजी कळते. त्यात न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातले, हिवाळे आता बेभरवशाचे झाले आहेत. नॉर्डिक वाटांवरही यंत्राने बर्फ तयार करण्याची वेळ आली आहे. डार्टमथने ओक हिलवर तशी सोय केली आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपदही सांभाळले. पण यंत्रालाही पुरेशी थंडी लागते, आणि जानेवारीत सलग चार दिवस पाऊस पडला तर पाण्याचा बर्फ करण्याआधी आहे तो बर्फ राखण्याचीच धडपड करावी लागते.

या वर्षीच्या संघातील कोणाचेही नाव मी येथे घेतलेले नाही. ते विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यावर अपेक्षांचे ओझे पुरेसे आहे. उरलेल्या कार्निव्हलमध्ये मी पुन्हा माझ्या गेटजवळ असेन आणि शनिवारी ओक हिलला जाईन. पहिल्या क्रमांकासाठी कोण झुंजत आहे ते ध्वनिक्षेपकावरून कळतेच. त्यामुळे मी शर्यतीचा पुढचा गट निघून गेल्यावरही थांबते आणि डार्टमथच्या हिरव्या पोशाखातली तिसरी मुलगी शेवटच्या चढावर कितव्या जागी आहे, ते मोजते. मिडलबरीच्या कार्निव्हलनंतर पात्रतेची यादी लागेल, तेव्हा सर्व १२ जागा भरल्या आहेत का, हे मी सर्वांत आधी पाहीन. अकरा जणांचा संघ घेऊन मार्चमध्ये गेले, तर पहिल्या दिवसापूर्वीच दोन निकालांची तूट पडते, आणि ती तूट कितीही वेगवान असलेला एकटा स्कीपटू भरून काढू शकत नाही.