रॅबाय डंकनची तपकीर

विसरभोळ्या प्रोफेसरांचे किस्से आपल्याकडे पण ढीगभर आहेत, पण स्कॉटलंडच्या जॉन डंकनपुढे सगळे लिंबूटिंबू. जन्म १७९६ चा, गाव ॲबर्डीन, वडील जोडे शिवायचे, आणि हा हिब्रूत इतका बुडालेला की ज्यू नसूनही लोक याला रॅबाय (म्हणजे ज्यू धर्मगुरू) डंकनच म्हणायला लागले.

तपकिरीचं भारी वेड. सांगतात की एकदा स्वारी प्रवचनाला पायी निघाली, वारा समोरून, चिमूट काही नाकापर्यंत पोचेना, म्हणून याने वाऱ्याकडे पाठ केली, मस्तपैकी ओढली, आणि तोंड होतं त्याच दिशेने चालू पडला तो थेट निघाला होता तिथे परत! तिकडे चर्चमधे लोक ताटकळलेले.

लग्नाच्या दिवसाचा किस्सा तर कहरच आहे. घरच्यांनी कपडे बदलायला खोलीत पाठवलं, बराच वेळ झाला तरी पत्ता नाही, जाऊन बघतात तर हा अंथरुणात, हातात हिब्रू पुस्तक आणि गाढ झोप. कपडे उतरवले की झोपायचं, एवढं अंगवळणी पडलेलं, त्यात आज लग्न आहे वगैरे फालतू गोष्टी कोण लक्षात ठेवणार!

१८४१ मधे मिशनरी म्हणून हंगेरीतल्या पेस्टला (आजच्या बुडापेस्टमधलं) गेला, तिथे डॅन्यूबवर झुलता पूल बांधायला आलेले स्कॉटिश कामगार होते, त्यांच्यासाठी उपासना चालवायची आणि ज्यू मंडळींशी चर्चा करायच्या, हंगेरीतल्या विद्वानांशी तर गप्पा चक्क लॅटिनमधून. कॉलेजात असताना हाच माणूस पक्का नास्तिक होता बरं का, आणि देव आहे हे पटलं तेव्हा म्हणे डी नदीच्या पुलावर आनंदाने नाचला होता. मला हा डंकन जास्त आवडतो. नुसता विसराळूपणा काय, तो माझ्याकडेही आहे, हिब्रू तेवढी नाही.

१८४३ पासून एडिनबराच्या न्यू कॉलेजात हिब्रूचा प्रोफेसर. मास्तर म्हणून यथातथाच, धातू चालवता चालवता गाडी कधी तत्त्वज्ञानात घुसेल नेम नाही, आणि लिहायचा तर मनस्वी कंटाळा. १८७० मधे गेला. विल्यम नाइट नावाच्या तरुणाने याच्यासोबत हिंडताना ऐकलेलं बोलणं टिपून ठेवलं आणि त्याच वर्षी पुस्तक काढलं, म्हणून निदान तेवढं तरी आपल्या हाती लागलं, हिब्रूचं व्याकरण लिहायचं राहिलं ते राहिलंच.