स्पर्धा, संमेलने आणि माझ्या कथा: तीन वर्षांची नोंद

डिसेंबर 2022 मध्ये मी पहिली कथा एका नाताळ विशेषांकाच्या स्पर्धेसाठी पाठविली, तेव्हा ती परत येईल असे मला खरोखरच वाटले नव्हते. त्यानंतरच्या तीन वर्षांत नऊ स्पर्धा, दोन ख्रिस्ती साहित्य संमेलने आणि एक कार्यशाळा एवढे पदरी पडले आहे. बक्षिसांचा हिशेब लहान आहे: एक उत्तेजनार्थ, एक तृतीय क्रमांक आणि सात वेळा काहीच नाही. ख्रिस्ती जीवनावर मराठीत कथा लिहू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना या हिशेबापेक्षा त्यामागे काय घडले, यात अधिक रस असेल, असे समजून ही नोंद लिहीत आहे.

पहिल्या कथेत एक दारुडा वडील होता. नाताळच्या आदल्या रात्री दारात कॅरल म्हणणारी तरुण मंडळी येतात, त्यांचे गाणे ऐकून त्याचे डोळे भरून येतात आणि तो हातातली बाटली मोरीत रिकामी करतो, असा तिचा शेवट होता. घरच्यांना कथा फार आवडली, आमच्या पाळकसाहेबांनी तर ती तरुण संघात वाचून घेतली. स्पर्धेच्या परीक्षकांनी मात्र परत पाठविलेल्या प्रतीच्या मागे पेन्सिलीने एकच वाक्य लिहिले होते: ‘या माणसाला दारू सोडावीशी वाटते, असे शेवटच्या परिच्छेदापूर्वी कोठेही आलेले नाही.’ मी आठवडाभर रागात होतो. पश्चात्ताप हा देवाच्या कृपेने होतो, त्याला आधीच्या परिच्छेदांची गरज काय, असा माझा युक्तिवाद होता, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो कदाचित बरोबरही असेल. पण कथा वाचणाऱ्याला कृपेचा अनुभव यायचा असेल, तर ज्याच्यावर ती होणार आहे तो माणूस आधी त्याच्या ओळखीचा व्हायला हवा, हे कळायला मला आणखी दोन नापसंत कथा लिहाव्या लागल्या.

याच काळात मी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रथमच पूर्ण वाचली. 1857 मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक्रमात येते, त्यामुळे तिचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि वाचलेली फार थोड्यांनी असते. तिचे जोडनाव ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे आहे, आणि त्या ‘निरूपण’ शब्दातच आपल्या परंपरेचे बळ आणि दुखणे दोन्ही आहेत, असे माझे मत झाले. प्रवासात नायिका यमुनेला भेटणाऱ्या विधवांच्या हकिगती आजही अंगावर येतात. धर्मावरील वादविवाद सुरू झाले की मात्र पाने पटापट उलटावीशी वाटतात. केशवपनाच्या प्रथेला शब्द देणारा लेखक आणि वाचकाला पटवून देण्याची घाई झालेला लेखक एकाच पुस्तकात शेजारी शेजारी बसलेले दिसतात. माझ्यात दुसराच जास्त होता.

2023 च्या हिवाळ्यात मी पहिल्या संमेलनाला गेलो. ख्रिस्ती मराठी साहित्य संमेलनांची परंपरा स्वातंत्र्यापूर्वीची आहे आणि लक्ष्मीबाई टिळकांसारख्या लेखिकेने त्यांपैकी एकाचे अध्यक्षपद भूषविले होते, एवढे वाचून मी मोठ्या अपेक्षेने गेलो होतो. प्रत्यक्षात ग्रंथदिंडी, उद्घाटन, सत्कार आणि शुभेच्छापर भाषणे यांत पहिला दिवस संपला. रात्री कविसंमेलन झाले, ते साडेबारापर्यंत चालले, आणि तोपर्यंत जागे राहिलेल्या श्रोत्यांपैकी बहुतेक जण आपली पाळी येण्याची वाट पाहणारे कवीच होते. कथेसाठी दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरचा पाऊण तास ठेवला होता. (संमेलनाला नव्याने जाणाऱ्यांनी कवितेचा एखादा कागद खिशात ठेवावा, म्हणजे निदान ओळखी होतात.)

माझ्या उपयोगाचे जे घडले ते पंगतीत घडले. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ लेखिकेला मी माझी एक कथा वाचायला दिली होती. ताट पुढे सरकवीत त्यांनी विचारले, “तुमच्या आजी घरात अशा बोलायच्या का हो?” कथेतली आजी तुरुंगातून सुटून आलेल्या नातवाला म्हणत होती, ‘माझ्या मुला, देवाने तुझ्या अपराधांची क्षमा केली आहे, तू आता नवी उत्पत्ती आहेस.’ माझी खरी आजी नेवासे तालुक्यातली. जात्यावर बसली की येशूच्या नावाने ओव्या म्हणायची, आणि नातवाला जवळ घ्यायचे असेल तेव्हा ‘आधी दोन घास खाय’ एवढेच म्हणायची. आपण लहानपणापासून दर रविवारी पवित्र शास्त्राची मराठी ऐकतो. तिचा थाट इतका अंगात मुरलेला असतो की पेन हातात घेतले की रिक्षावाला, नर्स, शाळकरी मुलगी, सगळेच पुलपिटावरून, म्हणजे चर्चमधल्या उपदेशाच्या व्यासपीठावरून, बोलू लागतात. ती भाषा मला प्रिय आहे, तरी संवादात ती प्रत्येकाच्या तोंडी घालणे म्हणजे सर्वांना एकाच मापाचा झगा शिवण्यासारखे आहे.

त्या बाईंनी मला लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचण्यास सांगितले, आणि या वेळी लेखनाचा अभ्यास म्हणून. 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मकथनात त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्या 1895 मधील धर्मांतराएवढा मोठा प्रसंग आहे, घर उद्ध्वस्त झाल्याचे दुःख आहे, आणि तरीही लक्ष्मीबाई वाचकाला काय वाटून घ्यावे हे सांगत नाहीत. त्या सोवळ्याओवळ्यात अडकलेल्या आपल्या मनाची फजिती सांगतात, आपल्यालाच हसतात, आणि त्यांच्या मतात झालेला बदल पाण्याच्या एखाद्या पेल्यावरून आपल्या लक्षात येतो. मी वहीत डाव्या पानावर त्यांचा एक परिच्छेद आणि उजव्या पानावर माझा एक परिच्छेद असे महिनाभर लिहिले. उजवी पाने कोणाला दाखविण्यासारखी नाहीत.

2024 च्या उन्हाळ्यातील दोन दिवसांची कार्यशाळा हा या तीन वर्षांतला सर्वांत फलदायी खर्च ठरला. एका चर्चच्या सभागृहात आम्ही बावीस जण होतो आणि शिकविणारे निवृत्त प्राध्यापक स्वतः ख्रिस्ती नव्हते, याचा मला सुरुवातीला थोडा संकोच वाटला होता. त्यांनी पहिलाच सराव असा दिला: प्रार्थना करणाऱ्या माणसाचे चित्र एका पानात उभे करा, मात्र प्रभू, प्रार्थना, कृपा, आशीर्वाद आणि अश्रू हे पाच शब्द वापरू नका. वीस मिनिटांनी वाचन सुरू झाले, तेव्हा माझ्यासह बहुतेकांच्या पानांवर जोडलेले हात, मिटलेले डोळे आणि खिडकीतून येणारा प्रकाश होता. पाठीमागे बसलेल्या एका गृहिणीने मात्र मुलाच्या शस्त्रक्रियेच्या निरोपाची वाट पाहणारी आई लिहिली होती. ती तांदूळ निवडून संपविते, ताटात पुन्हा ओतते आणि तेच तांदूळ दुसऱ्यांदा निवडायला बसते. सभागृहात काही क्षण कोणी बोलले नाही. सरांनीही त्यावर काही भाष्य केले नाही, नुसते ‘पुढचे’ म्हणाले.

त्यानंतर मी तुरुंगातून आलेल्या नातवाची कथा चौथ्यांदा लिहिली. आजीचे क्षमेचे वाक्य काढून तिथे ‘जेवून घे, भाकरी गार होती’ एवढेच ठेवले, नातवाच्या तोंडची कबुली निम्म्याने कापली आणि शेवटची उपासनेची दीड पाने पूर्ण गाळली. कथा 2,300 शब्दांवरून 1,480 शब्दांवर आली, आणि त्यामुळे ती 1,500 शब्दांची मर्यादा असलेल्या स्पर्धेतही बसली, हा योगायोगाचा लाभ. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. तृतीय क्रमांक गेल्या वर्षी मिळाला तो दुसऱ्या कथेला, जिच्यात दोन भाऊ आईला वडिलांच्या कबरीत पुरावे की वेगळी जागा घ्यावी यावरून भांडतात. ही स्पर्धा ख्रिस्ती नव्हती, सर्वांसाठी खुली होती. परीक्षकांच्या शेऱ्यात दफनभूमीतील जागेची टंचाई आणि जुन्या कबरी पुन्हा उघडण्याची रीत ‘नवी माहिती’ म्हणून नोंदविलेली पाहून मला मौज वाटली. आपल्याकडे दर घरात होणारे बोलणे बाहेरच्या वाचकाला अपरिचित असते, आणि ते समजावून न सांगता कथेत सोडून दिले तरी वाचक ते बरोबर उचलतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. माझी एक प्रवेशिका वाचली न जाताच बाद झाली, कारण नाव वेगळ्या कागदावर द्यायचे असताना मी ते प्रत्येक पानाच्या तळाशी टाकले होते. दुसऱ्या वेळी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली कथा युनिकोडमध्ये बदलताना सगळे रफार उडाले, ‘धर्म’चे ‘धम’ झाले आणि मी ते न तपासता पाठवून दिले.

यंदाच्या संमेलनात मी कथावाचनासाठी नाव दिले होते. दहा मिनिटे मिळाली, सूत्रसंचालकांनी आठव्या मिनिटाला चिठ्ठी दिली, आणि समोर मोजून चौदा श्रोते होते. वाचताना जिथे माझा आवाज स्वतःहून खाली आला त्या जागा मी घरी येऊन प्रतीवर खुणावल्या, कारण तिथेच कुठेतरी मी पुन्हा उपदेश करू लागलो होतो. अशा पाच जागा निघाल्या.

सध्या दफनभूमीच्या कथेची लघुकादंबरी करीत आहे. सुमारे 12,000 शब्द झाले आहेत आणि फेब्रुवारीअखेर हस्तलिखित एका स्पर्धेला पाठवायचे आहे. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी धाकटा भाऊ पहाटे फाटकापाशी येऊन उभा राहिला आहे. किल्ली त्याच्याकडे आहे की थोरल्याकडे, हे मला अजून ठरविता आलेले नाही.